आकाशाचे दफ्तर

आपल्यापैकी अनेकांच्या घरी, माळ्यावरच्या ट्रंकेत नाहीतर देवघराच्या कपाटाखाली, कापडात बांधलेला एखादा रुमाल असतो. आत मोडी कागद असतात. इनामाची सनद, वाटणीपत्र, शेताच्या हद्दीचा तंटा, देण्याघेण्याचे खत. कागद शाबूत असतो, शाई ठसठशीत असते, पण वाचणारे कुणी उरलेले नसते. कुणी जाणकार भेटलाच, तर गाडी तारखेशी अडते. ‘छ’ या अक्षरापुढे मुसलमानी महिन्याचा चंद्र, सुहूर सन अरबी शब्दांत, आणि कागद आपल्या निजामी मुलखातला असेल तर फसली साल. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवायचे आणि दक्खनी फसलीत ५९० किंवा ५९१, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती कागद असूनही इतिहास लागत नाही.

गंमत अशी, की नेमकी हीच अडचण पन्नास वर्षांपूर्वी जगातल्या खगोलशास्त्रज्ञांपुढे उभी राहिली होती. त्यांचे कागद म्हणजे चुंबकीय फिती, आणि मोडी म्हणजे प्रत्येक संगणकाची वेगळी लिपी. त्यांनी त्यावर काढलेला तोडगा आजही टिकून आहे. उपग्रहाने धाडलेल्या आकाशाच्या नोंदी आज एखादा विद्यार्थी आपल्या घरच्या संगणकावर खिडकी उघडून वाचू शकतो, याचे श्रेय त्या तोडग्याला जाते. या दफ्तराचा इतिहास आपल्या हैदराबादलाही येऊन भिडतो, म्हणून तो या स्मरणिकेत सांगावासा वाटला.

प्रत्येकाची लिपी वेगळी

१९७० चे दशक हे अवकाशातील दुर्बिणींच्या बाल्याचे दशक. डिसेंबर १९७० मध्ये केनियाच्या किनाऱ्याजवळच्या समुद्री तळावरून ‘उहुरू’ हा उपग्रह सुटला. क्ष-किरणांत संपूर्ण आकाशाची पाहणी करणारा तो पहिला. नोव्हेंबर १९७८ मध्ये ‘आइनस्टाइन’ वेधशाळा गेली आणि क्ष-किरणांची खरी चित्रे मिळू लागली. जमिनीवर न्यू मेक्सिकोच्या पठारावर रेडिओ दुर्बिणींची मोठी रांग उभी राहत होती. नोंदींचा पूर येणार हे दिसत होते.

पण या नोंदी एका संस्थेतून दुसरीकडे न्यायच्या म्हणजे संकट. त्या काळी प्रत्येक संगणकाची मांडणी निराळी असे. कुणाचा एक ‘शब्द’ ३२ बिटांचा, कुणाचा ३६, तर कुणाचा चक्क ६०. अक्षरे लिहिण्याची पद्धतही सगळीकडे सारखी नव्हती. एका ठिकाणची फीत दुसऱ्या ठिकाणी लावली की निरर्थक आकड्यांची रांग दिसे. मग ज्या दोन संस्थांना देवाणघेवाण करायची, त्या दोघींपुरता एक दुभाषा कार्यक्रम लिहायचा. तिसरी संस्था आली की आणखी दोन दुभाषे.

मार्च १९७९ मध्ये किट पीक वेधशाळेचे डोनाल्ड वेल्स आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ वेधशाळेचे एरिक ग्रायसेन न्यू मेक्सिकोतील त्या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात एकत्र बसले आणि सर्वांना चालेल अशा एका मांडणीचा आराखडा त्यांनी ठरवला. वेल्स यांच्याकडचा संगणक ६० बिटांच्या शब्दाचा, ग्रायसेन यांच्याकडचा ३२ बिटांच्या. म्हणजे भांडायला पुरेसे कारण होते! दोघांनी लिहिलेल्या फिती एकमेकांच्या यंत्रावर वाचता आल्या, तेव्हा आराखडा कसोटीला उतरला. नेदरलँड्समधल्या वेस्टरबोर्क रेडिओ दुर्बिणीचे रोनाल्ड हार्टेन हेही त्यांच्यासोबत होते. तिघांचा लेख १९८१ मध्ये छापून आला आणि १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने या पद्धतीला मान्यता दिली. तिचे नाव ‘फिट्स’.

आधी शीर्ष, मग मजकूर

मोडी लिहिणारा कारकून आधी पानभर शिरोरेषा ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे टांगीत जाई. फिट्सचेही तसेच आहे. फाइलीच्या सुरुवातीला शीर्षभाग येतो आणि त्यानंतर आकडे.

शीर्षभाग साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही मजकूर दाखवणाऱ्या कार्यक्रमात तो डोळ्यांनी वाचता येतो. प्रत्येक ओळ बरोबर ८० अक्षरांची, कारण त्या काळच्या छिद्रे पाडलेल्या संगणकी कार्डावर ८० रकाने असत. अशा ३६ ओळींचा एक गठ्ठा, म्हणजे २,८८० अक्षरे. हा आकडा लहरीने निवडलेला नाही. २,८८० बाइट म्हणजे २३,०४० बिट, आणि या संख्येला ३२, ३६, ६०, ६४ यांपैकी कशानेही निःशेष भाग जातो. त्यामुळे कुणाच्याही यंत्रात गठ्ठा मध्येच तुटत नाही. जातिभेद न मानणारी पंगत म्हणावी, तशी ही संख्या.

प्रत्येक ओळीत आधी एक संकेतशब्द, मग त्याची किंमत, आणि पुढे हवी तर टीप. कोणत्या दुर्बिणीने पाहिले, कोणते उपकरण होते, कोणता तारा, कोणत्या दिवशी, किती वेळ. संकेतशब्द आठ अक्षरांहून लांब असू नये असा दंडक आहे. इंग्रजीत ‘टेलिस्कोप’ या शब्दाला नऊ अक्षरे लागतात, म्हणून त्याचे शेवटचे ‘ई’ गेल्या चार दशकांपासून कापलेलेच आहे. आपल्याकडे ‘राजश्री’चे ‘रा’ झाले, त्यातलाच प्रकार.

सर्वांत मोलाचा नियम मात्र वेगळाच आहे. पद्धतीत पुढे कितीही भर घाला, पण पूर्वी वैध असलेली फाइल नव्या नियमाने अवैध ठरता कामा नये. एकदा फिट्स, ती कायमची फिट्स. सुरुवातीला फक्त चित्रांसाठी असलेल्या या पद्धतीत पुढे कोष्टके आली, एकाच फाइलीत अनेक भाग ठेवण्याची सोय आली, तरीही १९८० ची फाइल आजच्या कार्यक्रमात उघडते. तारखेची अडचण इथेही आलीच. जुन्या फाइलींत साल दोन आकडी लिहिले जाई. २००० साल जवळ आले तशी पंचाईत दिसू लागली आणि १९९७ च्या सुमारास चार आकडी सालाची नवी रीत ठरली. जुनी तारीख मात्र रद्द केली नाही. दोन आकडी साल दिसले की ते १९०० ते १९९९ मधलेच समजायचे, असे ठरवून टाकले. फसलीचा घोळ ज्याने निस्तरला आहे, त्याला या एका वाक्याची किंमत कळेल.

खिडकी उघडते

लिपी एक झाली, तरी दफ्तर सांभाळणारे आणि वाचून दाखवणारे लागतातच. १९९० मध्ये अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात, नासाच्या गोडार्ड केंद्रात, क्ष-किरण आणि गॅमा-किरण उपग्रहांच्या नोंदींचे अभिलेखागार सुरू झाले. ‘हिसार्क’ या नावाने ते ओळखले जाते. नव्या उपग्रहांच्या नोंदी तिथे येऊ लागल्याच, शिवाय बंद पडलेल्या उपग्रहांच्या जुन्या नोंदीही फिट्समध्ये उतरवून ठेवल्या गेल्या. हे काम किती गरजेचे होते, हे दुसऱ्या एका घटनेवरून कळते. माणूस चंद्रावर उतरला तेव्हाच्या अपोलो-११ च्या मूळ दूरमापन फितींचा शोध नासाने घेतला, तेव्हा २००९ मध्ये निष्कर्ष निघाला की त्या फिती बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या होत्या. इतक्या मोठ्या प्रसंगाचे दफ्तरही असे जाऊ शकते.

हिसार्कने फिट्स फाइली हाताळण्यासाठी छोट्या छोट्या आज्ञांचा एक संच तयार केला. पण त्या आज्ञा टंकाव्या लागत. कोष्टकात काय आहे हे नुसते पाहायचे असले तरी आज्ञेचे नाव पाठ हवे. म्हणून १९९० च्या दशकाच्या मध्यावर तिथल्याच विल्यम पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एफव्ही’ नावाचा, खिडक्या आणि बटणे असलेला कार्यक्रम तयार केला. स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळेत चित्रे पाहण्याच्या कार्यक्रमांची परंपरा आधीपासून होती. त्यातून विल्यम जॉय यांचा ‘डीएस-नाइन’ पुढे आला. त्याचे नाव एका दूरदर्शन मालिकेवरून पडले आहे. हे दोन्ही कार्यक्रम फुकट मिळतात.

एफव्हीत एखाद्या क्ष-किरण उपग्रहाची फाइल उघडली की काय दिसते? समोर एक अनुक्रमणिका येते. फाइलीत किती भाग आहेत, प्रत्येक भाग चित्र आहे की कोष्टक, त्याचा आकार किती. प्रत्येक भागापुढे बटणे असतात. एक दाबले की शीर्षभाग उघडतो, दुसरे दाबले की चित्र किंवा कोष्टक, आणखी एक दाबले की आलेख. रुमालाची गाठ सोडून कागद एकेक करून चटईवर मांडावेत, तसे.

इथे नवख्या माणसाला एक धक्का बसतो. त्याची अपेक्षा चित्राची असते, पण पहिल्या भागात बहुधा काहीच नसते आणि दुसऱ्यात निघते एक लांबलचक कोष्टक. क्ष-किरण दुर्बीण साध्या कॅमेऱ्यासारखा फोटो काढीत नाही. तिच्यावर येणारा प्रकाशकण विरळ असतो, म्हणून ती प्रत्येकाची स्वतंत्र नोंद करते. हा कण अमुक क्षणी आला, शोधकाच्या अमुक ठिकाणी पडला, त्याची ऊर्जा साधारण अमुक. प्रत्येक कणाला एक ओळ. वाड्याच्या दरवाज्यावर बसलेल्या कारकुनाने आल्यागेल्याची वही लिहावी, तशी ही वही असते. चित्र आपण तयार करायचे. ठिकाणांचे दोन रकाने निवडले की चित्र होते. वेळेचा रकाना निवडला की तारा कसा लुकलुकतो याचा आलेख होतो. ऊर्जेचा निवडला की वर्णपट. एकाच वहीतून तीन निरनिराळ्या गोष्टी निघतात, आणि हे पडद्यावर डोळ्यांदेखत घडते.

त्याच फाइलीत आणखी एक लहानसे कोष्टक असते, चांगल्या वेळांचे. उपग्रह पृथ्वीभोवती फिरत असताना कधी पृथ्वीच मध्ये येते, कधी तो दक्षिण अटलांटिकवरच्या किरणोत्सारी पट्ट्यातून जातो. त्या वेळच्या नोंदी धरायच्या नसतात. कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंतची नोंद विश्वासाची, हे या कोष्टकात लिहिलेले असते. ते न पाहता आलेख काढला, तर ताऱ्याचा प्रकाश मध्येच नाहीसा झाल्यासारखा दिसेल आणि नवशिका शोध लागल्याच्या आनंदात राहील.

खिडकीची सोय जितकी मोठी, तितकी तिची जोखीमही. एफव्ही नुसते दाखवत नाही, बदलूही देते. एका घरात टिचकी मारली, आकडा खोडून दुसरा घातला, जतन केले, की झाले. म्हणून शहाणी माणसे मूळ फाइलीला हात लावत नाहीत, प्रतीवर काम करतात. शीर्षभागात ‘इतिहास’ या अर्थाचा एक संकेतशब्द आहे. फाइलीवर काय संस्कार झाले, कोणत्या कार्यक्रमाने आणि केव्हा, हे त्यापुढे लिहिले जाते. आणखी दोन संकेतशब्दांत साऱ्या आकड्यांची बेरीज-पडताळणी ठेवता येते, म्हणजे एखादा बिट जरी पालटला तरी कळते. मात्र हाताने केलेल्या बदलाची नोंद करणे ही अखेर माणसाच्या इमानाची गोष्ट आहे. कुलकर्ण्याने खाडाखोड केली तर समासात सही करावी, ही जुनी शिस्त इथेही लागतेच.

पुण्या-मुंबईचा वाटा

या कथेत आपला वाटा नुसत्या वाचकाचा नाही. पुण्यातील ‘आयुका’ ही संस्था १९८८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. २००० नंतरच्या दशकात, डॉ. अजित केंभावी यांच्या पुढाकाराने, आयुका आणि पुण्याचीच पर्सिस्टंट सिस्टिम्स ही कंपनी यांनी ‘व्हीओ-इंडिया’ प्रकल्पात ‘व्हीओप्लॉट’ नावाचा कार्यक्रम तयार केला. खगोलीय कोष्टके उघडून त्यांचे आलेख काढणारी ही पुणेरी खिडकी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या प्रसिद्ध तारकासूची-भांडारातही बसवली गेली.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘ॲस्ट्रोसॅट’ सुटला. भारताचा हा पहिला सर्वस्वी खगोलशास्त्राला वाहिलेला उपग्रह सुमारे ६५० किलोमीटर उंचीवरून अतिनील आणि क्ष-किरणांत एकाच वेळी पाहतो. त्यावरील क्ष-किरण उपकरणांच्या घडणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा हात आहे. याच संस्थेचे क्ष-किरण शोधक पूर्वी हैदराबादहून सोडलेल्या प्रचंड फुग्यांतून वर जात असत. म्हणजे ॲस्ट्रोसॅटची पूर्वतयारी आपल्या डोक्यावरच्याच आकाशात झाली म्हणायची. ॲस्ट्रोसॅटच्या नोंदी बंगळुरूजवळच्या ब्याललू येथील केंद्रात जमा होतात, फिट्समध्ये ठेवल्या जातात, आणि सप्टेंबर २०१८ पासून त्या सर्वांना खुल्या आहेत. २०२० मध्ये आयुकाचे डॉ. कनक साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲस्ट्रोसॅटच्या अतिनील नोंदींतून ९.३ अब्ज प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेचा वेध घेतल्याचे जाहीर केले. हबल दुर्बिणीने त्याच भागाची घेतलेली चित्रे त्यांना सोबत ठेवता आली, कारण दोन्ही दफ्तरांची लिपी एकच होती.

बेगमपेठेतील आकडे

आता घरच्या अंगणात येऊ. नवाब जफर जंग यांनी इंग्लंडहून दुर्बीण आणून १९०१ मध्ये हैदराबादेत वेधशाळा सुरू केली. पुढे ती निजाम सरकारकडे आली आणि बेगमपेठेत स्थिरावली. निजामिया वेधशाळा ती हीच. साऱ्या आकाशाचे छायाचित्र घेऊन ताऱ्यांची सूची करण्याचा एक प्रचंड आंतरराष्ट्रीय उपक्रम १८८७ मध्ये पॅरिसला ठरला होता. सुमारे वीस वेधशाळांत आकाशाचे पट्टे वाटून दिले गेले. त्यात खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला १७ ते २३ अंशांचा पट्टा हैदराबादच्या वाट्याला आला. दिग्दर्शक पोकॉक यांच्या आणि १९१८ नंतर टी. पी. भास्करन यांच्या देखरेखीखाली काचेच्या पट्ट्यांवर छायाचित्रे घेतली गेली, सूक्ष्मदर्शकाखाली एकेका ठिपक्याचे स्थान मोजले गेले, आणि साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांचे आकडे जाडजूड खंडांत छापले गेले.

मग हे खंड ग्रंथालयात पडून राहिले. छापील आकडे, प्रत्येक वेधशाळेची मांडणी थोडी निराळी. कित्येक खगोलशास्त्रज्ञांनाही हा सारा उपक्रम वाया गेला असे वाटू लागले. मोडीच्या रुमालासारखीच गत!

१९८९ मध्ये ‘हिप्पार्कोस’ हा युरोपीय उपग्रह ताऱ्यांची स्थाने विलक्षण अचूकतेने मोजण्यासाठी गेला आणि १९९३ पर्यंत त्याने काम केले. पण तारे अतिशय सावकाश सरकतात. त्यांची गती काढायची तर आजचे स्थान आणि खूप पूर्वीचे स्थान, अशी दोन्ही हवीत. पूर्वीचे कुठून आणणार? तेव्हा ते जुने खंड आठवले. जगभरच्या छापील खंडांतले लाखो आकडे संगणकात टंकले गेले आणि वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेने त्यांची हिप्पार्कोसच्या मोजमापाशी सांगड घालून एक सलग सूची केली. तिच्या आणि आणखी १४३ जुन्या सूच्यांच्या आधारे २००० मध्ये ‘टायको-२’ ही सूची प्रसिद्ध झाली. तीत सुमारे २५ लाख तारे आहेत. आज कुणीही ती आपल्या संगणकावर उघडू शकतो. त्यातील दक्षिणेच्या त्या पट्ट्यातील ताऱ्यांच्या गतींमागे बेगमपेठेत १९१४ ते १९२९ या काळात मोजलेले आकडे उभे आहेत. मोजणाऱ्यांच्या काळात आकाश पाहणारा एकही कृत्रिम उपग्रह नव्हता. त्यांनी फक्त पट्टी, तारीख आणि माप नीट लिहून ठेवले होते.

पुन्हा रुमालाकडे

आकाशातून हे दफ्तर पुन्हा पोथ्यांपर्यंत पोहोचले आहे. रोमच्या व्हॅटिकन ग्रंथालयाने आपली सुमारे ८० हजार हस्तलिखिते संगणकात उतरवायचे ठरवले, तेव्हा दीर्घकाळ जपण्यासाठी त्यांनी फिट्स हीच पद्धत निवडली. कारण सरळ होते. ती कुठल्या एका कंपनीच्या मालकीची नाही, तिचे नियम सर्वांना उघड आहेत, आणि प्रतिमा कशी घेतली हे त्याच फाइलीत साध्या अक्षरांत लिहिलेले राहते.

आपल्या घरातले बरेच कागद आता मोबाइलवर टिपले जात आहेत. नातवंडे हौसेने फोटो काढतात, आणि मग ‘आयएमजी’ आणि चार आकडे अशा नावाच्या शेकडो फाइली तयार होतात. पन्नास वर्षांनी त्या उघडतीलही, पण कुठल्या कागदाची ही कितवी बाजू, हे सांगायला कुणी नसेल. म्हणजे मोडीचा रुमाल गेला आणि त्याच्या जागी नवा मोडीचा रुमाल आला.

त्यासाठी फिट्सच शिकायला हवे असे नाही. त्यातली शिस्त तेवढी उचलावी. प्रत्येक कागदाच्या फोटोसोबत साध्या अक्षरांची एक छोटी फाइल ठेवावी. कागद कुणाच्या घरचा, गाव कोणते, लिपी कोणती, किती बंद, तारीख मुळात कशी लिहिली आहे आणि इसवी सनात ती किती होते, वाचन कुणी केले, कुठला शब्द लागला नाही. पुढे दुरुस्ती केली तर जुने वाचन पुसू नये, खाली नवी ओळ लिहून आपले नाव आणि दिवस घालावा. एका कागदाला दहा ओळी पुरतात.

गौरी-गणपतीच्या दिवसांत चार घरची माणसे एकत्र येतात. रुमाल उघडायला आणि आजी-आजोबांना विचारून त्या दहा ओळी लिहून घ्यायला याहून बरा मुहूर्त नाही.